जुनी जीप दुरुस्त करा, नवी करू नका

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी जीप बनवण्याचं मोठं काम दोन कंपन्यांनी केलं, विलिज-ओव्हरलँड आणि फोर्ड. आराखडा एकच होता, एका कंपनीच्या गाडीचे सुटे भाग दुसरीच्या गाडीला बसावेत अशी योजना होती, आणि दोघींनी मिळून ६ लाख ४० हजारांच्या आसपास गाड्या काढल्या. तरीही फोर्डने आपली खूण ठेवलीच. बोल्टच्या माथ्यावर, कंसांवर, लहानमोठ्या भागांवर इंग्रजी ‘एफ’ अक्षर उठवलेलं असे. आज अशी जीप समोर आली तर ती कुठल्या कारखान्यातली, हे ओळखायला चासीच्या पुढच्या आडव्या दांड्याचा आकार उपयोगी पडतो, कारण विलिजचा दांडा गोल नळीचा आणि फोर्डचा चौकोनी असतो. तसेच हे बोल्टही उपयोगी पडतात. पण गाडी घरी आणून ‘नवी करायला’ घेतली की सगळ्यात आधी भंगारात जातात ते हेच गंजके बोल्ट. त्यांच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातले चकचकीत बोल्ट येतात. गाडी देखणी होते आणि तिची ओळख पटवणारा पुरावा कायमचा जातो. जुनी जीप घरी उभी करण्याचा छंद महाराष्ट्रात वाढतो आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण या कामाचं उद्दिष्ट काय असावं, याचा विचार त्या मानाने कमी होतो. जुनी गाडी नवी करायची नसते, ती दुरुस्त करायची असते. या दोहोंत फार अंतर आहे, आणि दुरुस्तीचं काम खरं तर घरीच जास्त चांगलं होऊ शकतं.

घरी का, याचं पहिलं कारण या गाडीच्या जन्मातच आहे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीसाठी निविदा काढल्या, तेव्हा पहिला नमुना बनवायला मुदत होती ४९ दिवसांची. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीने ती पाळली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गाडी लष्कराच्या हवाली केली. पुढे विलिजचं इंजिन सरस ठरलं आणि मोठी कंत्राटं विलिज व फोर्डकडे गेली. ही गाडी कारखान्यापासून हजारो मैल दूर, चिखलात नाहीतर वाळूत, साध्या हत्यारांनी दुरुस्त व्हावी म्हणूनच तशी घडवलेली होती. पत्रे बहुतेक सपाट, वळणं थोडी. २.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन ६० अश्वशक्तीचं, व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूलाच बसवलेले, त्यामुळे वरचं हेड म्हणजे जवळजवळ नुसतं झाकण. बॉनेट उघडलं की प्रत्येक भाग दिसतो आणि बहुतेक ठिकाणी हात पोचतो. आजच्या गाडीला संगणक लावल्याशिवाय दुखणं कळत नाही. जीपचं दुखणं कानाने, नाकाने आणि साध्या मल्टिमीटरने कळतं. त्यामुळे घरच्या पडवीत पाने-पकडी घेऊन बसलेला माणूस या गाडीच्या बाबतीत नवखा असेल, पण अनधिकारी नसतो. तिच्या रचनाकारांनी अशाच माणसाला डोळ्यांसमोर ठेवलं होतं.

महाराष्ट्राचा या गाडीशी संबंध निव्वळ हौसेचा नाही. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झाली. त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलिजच्या सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात झाली. पुढे कांदिवली आणि नाशिकच्या कारखान्यांची नावं जीपशी जोडली गेली. आपल्याकडे जी जीप घराघरांत ओळखीची झाली ती प्रामुख्याने सीजे-३बी या जातीची. विलिजने ती १९५३ मध्ये आणली. तिच्या नव्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये गेल्याने इंजिन उंच झालं आणि त्याला सामावून घेण्यासाठी बॉनेट वर उचलावं लागलं. म्हणूनच ही जीप समोरून पाहिली की कपाळ मोठं असल्यासारखी दिसते. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली. इथे मात्र तिचे वंशज पुढे कित्येक दशकं बनत राहिले. पाटबंधारे खातं, पंचायत समिती, पोलीस, साखर कारखान्याचा शेतकी विभाग, सगळीकडे ती होती. सातारा-कोल्हापूरकडे वडाप म्हणून ती माणसांनी ओसंडून धावली. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानचे पॅटन रणगाडे निकामी केले, ते जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेनेच. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या जीपचा इतिहास हा मुख्यतः तिने केलेल्या कामाचा इतिहास आहे. तो कुठल्या ग्रंथात सविस्तर लिहिलेला नाही. गाडीच्या अंगावर तो लिहिलेला आहे.

आणि तो वाचता येतो. जुन्या जीपच्या दाराजवळच्या पत्र्यावर रुपयाच्या नाण्याएवढी जागा बारीक वॉटर-पेपरने, पाणी लावत, हलक्या हाताने घासत गेलं की रंगाचे थर एकापाठोपाठ एक कड्यांसारखे उघडे पडतात. वरचा झगझगीत लाल, त्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली एखाद्या खात्याचा खाकी नाहीतर करडा, आणि तळाशी प्रायमर. कधी मधल्या थरात हाताने रंगवलेल्या अक्षराची कड सापडते, आणि गाडी कुठल्या खात्याची होती याचा धागा मिळतो. डॅशबोर्डवर बुजवलेली भोकं सांगतात की इथे कधीतरी वायरलेस संच किंवा वेगळा दिवा बसवलेला होता. मागच्या बाकाखालचा झिजलेला पत्रा सांगतो की गाडीत माणसं किती वर्षं आणि कशी बसत होती. सगळा रंग एका दिवसात जाळून काढला, लांबी भरली आणि वरून चकाकता थर मारला, तर यातलं काहीही उरत नाही. आपल्याकडे हेमाडपंती देवळांच्या दगडी भिंतींवर श्रद्धेने ऑइलपेंट फासला जातो आणि त्याला जीर्णोद्धार म्हणतात, तसाच हा प्रकार आहे. भावना खरी असते, पैसाही खर्च होतो, आणि जे जपायचं तेच झाकलं जातं.

यापुढची पायरी आणखी नुकसानीची. सीजे-३बी किंवा तिच्या वंशातली गाडी घ्यायची, उंच बॉनेट कापून खाली आणायचं, पुढची जाळी बदलायची, ऑलिव्ह हिरवा रंग आणि पांढरा तारा काढायचा आणि तिला महायुद्धातली जीप म्हणून मिरवायचं. जाणकाराला फसवणं अवघड असतं. युद्धकाळातल्या ठोकून काढलेल्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात आणि दिवे आत घेतलेले असतात. युद्धानंतरच्या नागरी सीजे-२ए जीपला सात फटी आणि मोठे दिवे. पण फसवणूक पकडली जाते की नाही हा मुद्दा गौण आहे. धुळ्याच्या नाहीतर रत्नागिरीच्या रस्त्यांवर ३० वर्षं राबलेल्या गाडीचं खरं आयुष्य पुसून तिला नॉर्मंडीचं खोटं आयुष्य देण्यात आपण आपल्याच इतिहासाला दुय्यम ठरवतो. जगभरच्या जुन्या वाहनांच्या संघटनांचा महासंघ असलेल्या ‘फिवा’ने २०१२ मध्ये ट्युरिन चार्टर मान्य केला. पुरातन वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस चार्टरचाच विचार त्याने वाहनांना लावला. वाहनावर काळाने उमटवलेल्या खुणांचाही मान राखावा, हस्तक्षेप गरजेपुरता असावा, आणि जे केलं त्याची नोंद राहावी, असा त्याचा रोख आहे. हौशी माणसाला चार्टरचं कलम पाठ असण्याची गरज नाही. प्रत्येक भाग हातात घेतल्यावर ‘हा बदलायलाच हवा का?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी तो चार्टर पाळला जातो.

हा प्रश्न विचारायला वेळ लागतो, आणि घरच्या कामाचा मोठा फायदा तिथेच आहे. गॅरेजवाल्याला जागेचं भाडं असतं, कारागिरांची मजुरी असते. जुना कंस सरळ करून, भेग भरून, पुन्हा बसवण्यात दोन दिवस घालवण्यापेक्षा नवा लावणं त्याला परवडतं. त्यात त्याचा दोष नाही, हिशेबच तसा आहे. घरी काम करणाऱ्याच्या वेळेला असा तासाचा भाव नसतो. पण वेळ आहे म्हणून पहिल्याच सुटीत अख्खी गाडी खोलून टाकणं ही या छंदातली सगळ्यात महाग चूक. बॉडी एकीकडे, चासी दुसरीकडे, गिअरबॉक्स डब्यात, आणि वर्षभराने कुठला वॉशर कुठला हे कोणालाच आठवत नाही. अशी खोललेली गाडी पुष्कळदा शेवटी सुट्या भागांच्या भावाने विकली जाते. म्हणून एका वेळी एकच व्यवस्था हाती घ्यावी: आधी ब्रेक, मग पेट्रोलची लाइन, मग वायरिंग, मग रेडिएटर. प्रत्येक जोड सोडण्याआधी फोटो, प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी, वहीत तारीख. शक्य तेवढे दिवस गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहावी. जी गोष्ट नीट आहे ती खोलू नये, हा नियम आळशीपणाचा नाही. कारखान्यात बसलेला, ५० वर्षं न हललेला जोड हा स्वतःच एक दस्तऐवज असतो.

दुरुस्ती आणि बदल यांतला फरक कुठे पडतो, हे तळपत्र्यात स्पष्ट दिसतं. युद्धकाळातल्या आणि त्यानंतरच्या सुरुवातीच्या जीपच्या तळाला खालून बळकटीसाठी पन्हळीसारख्या पट्ट्या जोडलेल्या असत आणि त्यांच्या पोकळीत लाकूड भरलेलं असे. लाकडाने भार पेलला, पण पाणीही धरून ठेवलं. त्यामुळे गंज वरून दिसायच्या आधी आतून पत्रा खात जातो. वरून रंग शाबूत, आणि बोटाने दाबलं तर पत्रा पापडासारखा मोडतो. अशा वेळी सोपा उपाय म्हणजे अख्खी बॉडी बदलणं. फिलिपिन्समध्ये युद्धकालीन जीपची पूर्ण बॉडी नव्याने बनवून विकली जाते, तेव्हा ती मिळतेही. पण गंज बहुधा पट्ट्यांच्या रेषेतच असतो. तेवढाच भाग चांगल्या पत्र्यापर्यंत मागे कापावा, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा काढावा, कड-ते-कड टाके मारत, दोन टाक्यांमध्ये पत्रा थंड होऊ देत जोडावा. एका दमात लांब वेल्ड ओढला तर पातळ पत्रा तापून वाकतो आणि मग लांबीशिवाय गत्यंतर राहत नाही. नवी पट्टी बसवताना लाकूड पुन्हा घालायचंच असेल, तर ते वाळवून, तेल पाजून, पाणी निघून जाईल अशी वाट ठेवून घालावं. या कामाला बॉडी बदलण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. पण शेवटी उभी राहते ती तीच गाडी असते.

गंज काढण्याच्या बाबतीतही घरची, सावकाश पद्धत मोठ्या यंत्रापेक्षा बरी ठरते. सँडब्लास्टिंगने जाड चासी झकास साफ होते, पण साधारण १८ गेजचा पत्रा चुकीच्या दाबाने तापतो आणि फुगे येऊन कायमचा वाकडा होतो. छोट्या भागांसाठी प्लास्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरीचा चार्जर आणि भंगार लोखंडाचा तुकडा एवढं पुरतं. गंजलेला भाग चार्जरच्या ऋण टोकाला, भंगार लोखंड धन टोकाला. विजेने गंज सुटतो आणि खालचं शाबूत लोखंड जसंच्या तसं राहतं. त्यात स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून काम उघड्यावर करावं, ठिणगी दूर ठेवावी आणि टबात हात घालण्याआधी चार्जर बंद करावा. पाटे आणि स्प्रिंगा या टबात घालू नयेत, कारण हायड्रोजन शिरून कडक पोलाद ठिसूळ होतं. वीज नको असेल तर ऊस पिकवणाऱ्या मुलखात दुसरा मार्ग हाताशी आहे. गुरांच्या खाद्यात वापरतात ती उसाची मळी नऊ पट पाण्यात मिसळून तिच्यात भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवले की गंज सुटा होतो. वास येतो, पण मूळचे कोरलेले आकडे आणि खुणा शाबूत राहतात. ॲल्युमिनियमचे आणि कार्बुरेटरसारखे मिश्रधातूचे भाग मात्र त्यात टाकू नयेत.

सगळंच घरी करावं, असा याचा अर्थ नाही. बोअर करणं, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग ही कामं चांगल्या लेथवाल्याकडेच जायला हवीत. तिथे मापातला केसभर फरकही इंजिन खाऊन टाकतो. पण कुठला भाग बाहेर पाठवायचा आणि का, हे घरी ठरावं. जीपचा हँडब्रेक याचं चांगलं उदाहरण आहे. तो मागच्या चाकांवर नसतो, तर ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टच्या ड्रमवर असतो. चढावर गाडी थांबत नाही म्हणून लोक लायनर बदलतात, महिन्याभरात तो पुन्हा तेलाने भिजतो. मग ऑइल सील बदलतात, तरी तेल येतच राहतं. कारण बहुधा त्याच्याही पलीकडे असतं. सील ज्या योकवर घासतो, त्या योकलाच वर्षानुवर्षांच्या घर्षणाने बारीक खाच पडलेली असते आणि बोटाचं नख फिरवलं की ती लागते. नवा योक शोधत दिल्लीतल्या काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारापर्यंत जाण्याऐवजी त्यावर पातळ बाही बसवून घेतली, किंवा लेथवर भरून पुन्हा माप काढलं, की तोच मूळ भाग पुढची अनेक वर्षं चालतो. लक्षणावर भाग बदलत जाण्यापेक्षा कारणापर्यंत पोचून एकच जागा सुधारणं स्वस्तही असतं आणि मूळ वस्तू वाचवणारंही.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे. मूळ ते मूळ ठेवायचं म्हणजे ७० वर्षांपूर्वीचा धोकाही जपायचा का? अजिबात नाही. या जीपच्या ब्रेकला एकच मास्टर सिलिंडर आणि एकच सर्किट असतं. एका चाकाजवळ पाइप फुटला तर चारही चाकांचा ब्रेक जातो. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि जुन्या रंगात शिसं, म्हणून ती धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी आणि रंग ओलाच घासावा. टाकीला घरी वेल्डिंग लावू नये, रिकामी दिसणारी टाकी वाफांमुळे भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. ब्रेकचे पाइप, होज आणि सील या झिजून बदलण्यासाठीच बनलेल्या वस्तू आहेत, त्या नव्याच हव्यात. २०२५ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्रास मिळतं, आणि ते जुनं रबर आणि पंपाचा पडदा खराब करतं. तेव्हा नवं रबर आणि पडदाही इथेनॉल सोसणारा घालावा. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर किंवा सीटबेल्ट घालायचा तर तो मूळ चासीला नवं भोक न पाडता, उद्या काढून पूर्ववत करता येईल असा बसवावा. चासी कुजल्याची शंका असेल तर हातोडीने ठोकून आवाज ऐकावा, आणि कुजलेली निघाली तर वेल्डिंग घरी न शिकता जाणत्या वेल्डरकडून, टोकं तिरकी कापलेली जोडपट्टी लावून करून घ्यावं. जिथे जीव अडकतो तिथे मूळ भागाचा हट्ट सोडावा. पण या यादीत बोल्टचं माथं, तळपत्रा, डॅशबोर्ड आणि रंग येत नाहीत. सुरक्षिततेच्या नावाखाली त्यांचा बळी देण्याचं कारण नाही.

दुसरा आक्षेप असा की आपल्याकडे ‘मूळ’ जीप उरलीच कुठे? कोणी पेट्रोल इंजिन काढून डिझेल घातलं, कोणी चाकं बदलली, लष्कराच्या वर्कशॉपमध्येच फोर्ड आणि विलिजचे भाग एकत्र झाले. हे खरं आहे, पण त्यातून उलटा निष्कर्ष काढला जातो. गाडी आधीच मिश्र आहे म्हणून तिच्याशी काहीही करावं, असं होत नाही. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त असलेल्या ज्या काळात मालकाने इंजिन बदललं, तो निर्णय त्या गाडीच्या आयुष्याचा भाग आहे आणि ग्रामीण महाराष्ट्राच्या अर्थकारणाचाही. बदल आरसी बुकात नोंदलेला असेल, इंजिन चांगलं चालत असेल, तर ते उचकटून कुठल्यातरी तिसऱ्या गाडीचं पेट्रोल इंजिन आणून ‘अस्सल’ करणं म्हणजे एका खऱ्या गोष्टीच्या जागी बनावट बसवणं. उलट, मूळ पेट्रोल इंजिन अजून गाडीत असेल तर मायलेजसाठी ते काढू नये. वर्षाला काही शे किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत वाचणाऱ्या इंधनाची किंमत त्या इंजिनाच्या तोडीची नसते. मूळ म्हणजे कारखान्यातून निघाल्याच्या दिवशीची अवस्था, अशी व्याख्या धरली तर एकही जुनी वस्तू मूळ ठरणार नाही. आपल्या हाती आली तेव्हा तिच्यात जे खरं होतं, ते कमी न होऊ देणं एवढंच आपल्या हातात असतं.

कायद्याचा कलही याच बाजूला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेली दुचाकी-चारचाकी गाडी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली असेल, तर तिला विंटेज म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत फेरफार करता येणार नाहीत, असं सांगितलं. म्हणजे जाडजूड टायर, उंच उचललेली बॉडी, कापलेली चासी असला थाट करणाऱ्याला आरटीओत अडचण येणारच. ज्याने कमीत कमी बदललं आणि वहीत सगळं टिपून ठेवलं, त्याची बाजू कागदावरही भक्कम राहते. गाडी विकत घेण्याआधीच आरसीवरचे इंजिन आणि चासी क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी ताडून पाहावेत. हे जुळत नसतील तर पुढची सगळी मेहनत अधांतरी राहते.

पर्यावरणाचा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. जुनं इंजिन किलोमीटरमागे नव्यापेक्षा जास्त धूर सोडतं, यात वाद नाही. म्हणूनच विंटेज गाडी रोज पळवू नये हा नियम योग्य आहे आणि त्याचं मनापासून पालन व्हावं. कार्बुरेटर, पॉइंट आणि टायमिंग नीट लावलेलं इंजिन दुर्लक्षित इंजिनापेक्षा कितीतरी स्वच्छ जळतं, तेव्हा ते वेळेवर लावून घेणं ही छंदाची पहिली जबाबदारी आहे. आणि इथेही दुरुस्तीच बदलापेक्षा बरी ठरते. नवी बॉडी, नवे पत्रे, समुद्रापलीकडून मागवलेले खोके यांचाही भार पर्यावरणावर पडतोच. श्रीमंतांचा छंद, हा आरोपही ‘नवी करण्याच्या’ पद्धतीलाच जास्त लागू पडतो. महागडा रंग, आयात केलेले भाग आणि क्रोम यांनी खर्च फुगतो. सोड्याचं पाणी, मळी, पाने-पकडी आणि धीर यांनी होणारं काम सामान्य पगारदाराच्याही आवाक्यातलं असतं, फक्त ते वर्षभरात नाही तर चार वर्षांत होतं.

घाई न करण्याचं एक निकडीचं कारणही आता तयार झालं आहे. १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुन्हा न करण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. लष्कर आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीच्या विशेष गाड्या त्यातून वगळल्या आहेत, पण बाकीच्यांची वाट भंगाराकडेच जाते. नव्या प्रदूषणमुक्त गाड्यांसाठी ते आवश्यकही असेल. मात्र सरकारी खात्यांतून लिलावात येणाऱ्या जीपचा ओघ यामुळे आटतो आहे, आणि ज्या जुन्या जीप आज खाजगी हातांत आहेत त्यांचं मोल वाढलं आहे. त्यांच्याबरोबर जुन्या फिटरांचं, लेथवाल्यांचं, पाटे बांधणाऱ्यांचं ज्ञानही निवृत्त होतं आहे. घरी जीप दुरुस्त करणारा माणूस अशा कारागिराकडे योक भरून घ्यायला जातो तेव्हा ते ज्ञान कामात राहतं. नवा भाग ऑनलाइन मागवणाऱ्याला त्या कारागिराची गरजच पडत नाही. म्हणून या छंदात उतरणाऱ्याने पहिल्या दिवशी रंगाचा डबा न आणता एक जाड वही आणावी. तीत गाडीची मापं, क्रमांक, रंगांचे थर, सापडलेल्या खुणा, बदललेला प्रत्येक भाग आणि बदलण्याचं कारण लिहावं, आणि काढलेला जुना भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा. गाडी पुढे कोणाच्याही हाती गेली तरी ही वही आणि हे भाग तिच्याबरोबर जावेत. गाडी चालवण्याचा आनंद मालकाचा आहेच, पण महाराष्ट्राच्या रस्त्यांवर राबलेल्या यंत्राचा हा पुरावा पुढच्या पिढीला अखंड सोपवणं ही त्या मालकीबरोबर येणारी जबाबदारी आहे.